डाग कोणाचा, दोष कोणाचा?

गेल्या वर्षी श्रावण सरत असतानाची गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचा चंद्रपुरात धान्याचा व्यापार आहे. तांदळाच्या सौद्यांसाठी नागभीड, आरमोरी, देसाईगंज-वडसा असे त्यांचे फिरणे नित्याचेच. त्या सोमवारी पहाटे अंधारातच ते वडशाला निघाले, दिवसभर गिरणीत बसले आणि रात्री परतले. मधल्या काळात मोटार आमच्या चालकाच्या ताब्यात होती. मंगळवारी सकाळी पाहतो तो पांढऱ्याशुभ्र मोटारीच्या मागील डाव्या दारावर वीतभर लांबीचा पिवळा-काळा पट्टा उमटलेला!

घरातील सर्वांनी एकमुखाने निवाडा केला. वडशाच्या वाटेवर पुलांचे कठडे आहेत, वळणावळणावर रंगवलेले दगड आहेत. चालकाने मोटार कोठे तरी घासली आणि भीतीपोटी सांगितले नाही. तो गडचिरोली जिल्ह्यातील एका खेड्यातला, अकरा वर्षे आमच्याकडे असलेला, मितभाषी माणूस. ‘गाडी कोठीच लागली नाही’ एवढेच तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्या खाली गेलेल्या मानेचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला. डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिराने दार आणि त्यामागचा भाग रंगवण्याचा अंदाज नऊ हजार रुपये दिला. त्यातील निम्मी रक्कम चालकाच्या पगारातून तीन हप्त्यांत कापावी, असे ठरले.

येथे एक कबुली द्यावयास हवी. त्या निर्णयात माझाही होकार होता. ज्याने चौतीस वर्षे बँकेत काढली, व्हाउचर तपासल्याशिवाय कोणाचे खाते नावे टाकू नये हे कनिष्ठांना शेकडो वेळा शिकवले, त्याच माणसाने कोणताही पुरावा न पाहता एका गरिबाच्या खात्यावर रक्कम नावे टाकली. पुढे त्या डागाने मला जे शिकवले ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांत आज एक तरी मोटार आहे, आणि जटपुरा दरवाजाच्या गर्दीतून रोज जाणाऱ्याच्या मोटारीला कोणाचा तरी रंग लागणारच. म्हणून आधी डाग कसा काढावा ते सांगतो. दोष कोणाचा निघाला, ते शेवटी.

हा पट्टा म्हणजे नेमके काय?

मोटारीवर दिसणारा प्रत्येक पट्टा हा ओरखडा नसतो, ही पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे थर एकावर एक असतात. तळाशी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सर्व थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १२० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. कारखान्यात हा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. म्हणूनच तो टणक असतो.

याउलट खांब, कठडे, फाटके यांना लावलेला साधा ऑइल पेंट हवेवर वाळलेला व तुलनेने मऊ असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की घर्षणाची उष्णता निर्माण होते, मऊ रंग सोलला जातो आणि टणक रंगावर लिंपला जातो. म्हणजे आपल्याला जी इजा वाटते, ती पुष्कळदा इजा नसून दुसऱ्याच्या रंगाचा लेप असतो. त्याखाली आपला रंग जसाच्या तसा असतो.

जुन्या पिढीला ‘ड्यूको’ हा शब्द आठवत असेल. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने १९२० च्या दशकात बाजारात आणलेला हा लवकर वाळणारा रंग इतका लोकप्रिय झाला की आपल्याकडे मोटारीच्या कोणत्याही रंगकामाला ‘ड्यूको’ म्हणण्याची चाल पडली. जुन्या अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाटवर वेगळा पारदर्शक थर नसे. त्या घासल्या की फडक्यावर थेट मोटारीचाच रंग येई. त्या काळातील घासण्याच्या सवयी आजच्या मोटारींना लागू करू नयेत.

आधी परीक्षा, मग उपाय

डाग दिसताच कारागिराकडे धाव घेण्यापूर्वी तीन साध्या परीक्षा घरीच कराव्यात.

पहिली, बोटाची. स्वच्छ केलेल्या डागावरून अलगद बोट फिरवावे. उंचवटा लागला तर वर काही चिकटलेले आहे. मग नख आडवे फिरवावे. नख खाचेत अडकले तर खाली खरा ओरखडा आहे.

दुसरी, पाण्याची. डागावर थोडे पाणी शिंपडावे. ओल्या अवस्थेत बारीक रेघा दिसेनाशा झाल्या तर त्या केवळ क्लिअर कोटमध्ये आहेत आणि पॉलिशने बऱ्याच अंशी जातील.

तिसरी, रंगाची. पट्ट्याचा रंग समोरच्या वस्तूचा असेल तर तो लेप. पण पट्ट्यातून राखाडी प्रायमर किंवा चकाकणारा पत्रा डोकावत असेल तर आपलाच रंग निघाला आहे. तेथे घासून काही साधत नाही. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यात गंज धरण्यापूर्वी तो भरून घ्यावा. मोटारीच्या दाराच्या चौकटीवर अथवा बॉनेटखाली रंगाचा संकेतांक दिलेला असतो. त्यावरून नेमक्या छटेचा टच-अप रंग मिळू शकतो.

आपल्या भागातील धूळ

डाग काढण्यातील सर्वांत मोठी चूक म्हणजे कोरड्या फडक्याने घासणे. चंद्रपूर-गडचिरोलीत ही चूक विशेष महाग पडते. घुग्घूस-बल्लारपूरकडे कोळशाची भुकटी, गडचांदूर परिसरात सिमेंटची, तर सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या वाटेवर तांबडी धूळ. ही धूळ दिसायला मऊ, परंतु तिच्यातील कण कठीण. कोरडे फडके फिरवणे म्हणजे मोटारीवर पॉलिशपेपर मारण्यासारखेच आहे.

जंगलातील रस्त्यांवर झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे असतात. असा पट्टा लागला तर तो ऑइल पेंट नव्हे. भरपूर ओलावा देऊन आधी तो भिजू द्यावा, बहुतेक भाग पाण्यानेच सुटतो. चुन्यात रेतीचे कण असतात, म्हणून तो ओला न करता कधीही पुसू नये.

मोटार सावलीत उभी करावी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापलेल्या पत्र्यावर कोणतेही द्रावण क्षणात वाळते आणि स्वतःचाच डाग सोडते. तेव्हा हे काम सकाळी लवकर करावे. पाण्याची नळी सोडून देण्याची आवश्यकता नाही. एका बादलीत मोटारीसाठीचा शाम्पू व दुसऱ्या बादलीत फडके खळबळण्याचे स्वच्छ पाणी एवढे पुरते. पाण्याच्या प्रत्येक थेंबाविषयी जयणा बाळगणाऱ्यांना हे अधिक सांगणे नलगे.

सौम्यापासून तीव्राकडे

या कामाचे एकच सूत्र आहे: जो उपाय सर्वांत सौम्य, तो सर्वांत आधी, आणि काम झाले की तेथेच थांबणे.

पहिली पायरी द्रावणाची. मोटारीवरील डांबर काढण्याचे तयार द्रावण, डब्ल्यूडी-४० यांसारखा फवारा, अथवा निम्मे पाणी घातलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल, यांपैकी एक मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यावर घ्यावे. प्रथम दाराच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडे लावून पाहावे. काही बिघडले नाही तर डागावर फडके मिनिटभर नुसते टेकवून ठेवावे आणि मग हलक्या हाताने पुसावे. घाई करू नये, जोर लावू नये. फडक्याची बाजू वारंवार बदलावी, नाहीतर निघालेला रंगच पुन्हा घासला जातो.

दुसरी पायरी क्ले बारची. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळते. डागावर शाम्पूचे पाणी शिंपडून वडी सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावी. वर आलेला परका रंग ती ओढून घेते. वडी मळून पुन्हा स्वच्छ बाजू वर आणावी. ती जमिनीवर पडली तर मोह न ठेवता टाकून द्यावी, कारण तिच्यात रुतलेला एक खडा दहा नवे ओरखडे पाडतो.

तिसरी पायरी रबिंग कंपाउंडची. यात अतिसूक्ष्म घर्षक कण असतात, म्हणजे ते डागाबरोबर क्लिअर कोटचाही थोडा अंश नेते. म्हणून मुगाच्या दाण्याएवढेच घ्यावे, बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने केवळ डागापुरते आठ-दहा वेळा फिरवावे, पुसून पाहावे, गरज असेल तरच पुन्हा करावे. दाराच्या कडा आणि उंच घड्या यांवर थर आधीच पातळ असतो, तेथे विशेष जपावे.

या सर्व वेळी लक्ष फडक्याकडे असू द्यावे. फडक्यावर दुसऱ्याचा रंग येत आहे तोवर आपण डाग काढत आहोत. ज्या क्षणी फडक्यावर आपल्याच मोटारीचा रंग दिसू लागला, त्या क्षणी हात थांबवावा. वरचा पारदर्शक थर संपला आहे आणि यापुढील प्रत्येक हात नुकसानीचा आहे.

शेवटी बारीक पॉलिश आणि त्यावर संरक्षक वॅक्सचा पातळ हात. कंपाउंडने त्या जागेवर आधीचे कोणतेही संरक्षण उरत नाही, त्यामुळे ही पायरी वगळू नये.

काय टाळावे

थिनर हा कारागिरांचा आवडता उपाय. कारखान्याच्या भाजलेल्या रंगावर तो क्षणभर टिकतो, पण मोटारीचा तो भाग पूर्वी स्थानिक कारखान्यात रंगवला असेल तर थिनर तो रंगच विरघळवू शकतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाचेही तेच. काळ्या प्लास्टिकच्या बंपरवर आणि दिव्यांच्या काचांवर यांपैकी काहीही नेऊ नये. पेट्रोल भडका घेणारे. घराच्या पार्किंगमध्ये त्याची बाटली उघडणे हा शहाणपणा नव्हे. स्वयंपाकघरातील भांड्यांची घासणी व तारेचा चोथा तर सर्वथा वर्ज्य. टूथपेस्टमध्ये घर्षक कण असल्याने ती लहान डाग काढते खरी, पण कण किती खरखरीत आहेत हे आपल्या हाती नसते. मॅट रंगाच्या मोटारीला पॉलिश लावूच नये, तेथे चकचकीत ठिपका कायमचा राहतो.

आपल्या वाचकांसाठी आणखी दोन सूचना. मोटार पुसण्यासाठी विकले जाणारे ‘शॅमॉय’ मुळात जनावराच्या कातड्याचे असते. त्याचे कृत्रिम पर्याय आता सर्वत्र उपलब्ध आहेत, तेव्हा घेताना विचारून घ्यावे. वॅक्सचेही तसेच. काही वॅक्समध्ये मधमाश्यांचे मेण असते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण किंवा पूर्णतः कृत्रिम लेप तितकीच चकाकी देतो. मात्र कार्नौबाच्या डबीतही कधी मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते, म्हणून घटकांची यादी वाचावी. जेवणाच्या ताटात आपण जो विवेक पाळतो, तो मोटारीच्या डबीत का नसावा?

विम्याचा हिशेब

डाग दिसला की ‘विमा आहे ना’ असे अनेकांना वाटते. येथे थोडे व्यापारी गणित करू. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के मिळते. समजा हा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांवर पोहोचलो आहोत, तर आपण ५,००० भरतो. एक दावा केला की सवलत शून्यावर येते. हप्ता स्थिर धरला तर पुढील पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, असे एकूण १२,५०० रुपये अधिक जातात. शिवाय प्रत्येक दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये आपणच सोसावयाचे असतात. म्हणजे नऊ हजारांच्या रंगकामासाठी दावा करणारा प्रत्यक्षात तोट्यात जातो. बोनस सुरक्षित ठेवणारे जादा कलम घेतले असेल तर गोष्ट वेगळी. पॉलिसी काढून पाहावी.

आमच्या बाबतीत शाम्पू, क्ले बार, कंपाउंड आणि फडकी मिळून खर्च हजाराच्या आत झाला आणि ते साहित्य अद्याप शिल्लक आहे.

खांबावरील खूण

आता राहिलेली गोष्ट. पर्युषणाला चार दिवस उरले होते. कारागिराकडे मोटार देण्यापूर्वी आपणच एकदा प्रयत्न करून पाहावा, म्हणून रविवारी सकाळी बादली घेऊन खाली उतरलो. द्रावणाने काळा रंग सुटला, क्ले बारने पिवळा बराचसा निघाला, उरलेला कंपाउंडने. पाऊण तासात दार पूर्ववत पांढरे झाले. केसाएवढी दोन बोटे लांबीची एक रेघ तेवढी राहिली. नऊ हजारांचा डाग फडक्यावर आला होता.

फडके पिळताना सहज समोर नजर गेली. आमच्या इमारतीच्या पार्किंगमधील खांबांना पिवळे-काळे पट्टे आहेत. डावीकडच्या खांबावर एका ठिकाणी रंग ताजा सोललेला आणि खालचे सिमेंट उघडे दिसले. दुकानातून मोजपट्टी आणवली. दारावरील रेघेची उंची जमिनीपासून ५८ सेंटिमीटर. खांबावरील खुणेची उंचीही ५८ सेंटिमीटर.

त्या खांबाशेजारी चालक मोटार कधीच लावत नाही. मग मला आठवले. आदल्या रविवारी सायंकाळी शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना वाट हवी होती, म्हणून किल्ली घेऊन मोटार मागे घेणारा मीच होतो. काचा बंद, वातानुकूलन यंत्र सुरू, कानावर मोबाईल. काही घासल्याचे मला जाणवलेदेखील नाही. पहाटे अंधारात निघालेल्या मोटारीचे डावे दार कोणी पाहिले नाही, आणि मंगळवारी तो डाग एका निरपराध माणसाच्या नावावर जमा झाला.

मी वर गेलो, बंधूंना सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘दादा, आपण दोघांनी मिळून खाली जाऊ.’’ पहिला हप्ता पगारातून कापला गेलेला होता. तो परत केला. पण रक्कम परत करणे सोपे असते. मी हात जोडून म्हणालो, ‘‘चूक माझी होती. तुझ्यावर आळ घेतला, क्षमा कर.’’ तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, ‘‘बाबूजी, मी तं तवाच म्हटलो होतो, गाडी कोठीच लागली नाही.’’ त्या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. नंतर समजले की त्या आठवड्यात त्याने घरी कोणालाही पगार कापल्याचे सांगितले नव्हते. मुलीच्या शाळेची वही-पुस्तके त्याने उसनवारीवर आणली होती.

आपले शास्त्र सांगते की कर्मपुद्गल आत्म्याला बाहेरून येऊन चिकटतात. आत्म्याचा मूळ स्वभाव निर्मळच असतो. नवे कर्म येऊ न देणे तो संवर, चिकटलेले झडणे ती निर्जरा. पाऊण तास दार पुसताना हे शब्द मला नव्याने उमगले. चालकाच्या ठिकाणी आम्ही जो डाग पाहिला, तो त्याचा नव्हता. तो आमच्या संशयाचा रंग होता, आम्हीच त्याच्यावर लिंपलेला. आणि रंगाची परीक्षा करण्याआधी माणसाची परीक्षा उरकून टाकण्याची घाई आम्हालाच झाली होती.

दरवर्षी संवत्सरीला आपण नातेवाइकांना, व्यापारी मित्रांना, दूरच्या ओळखीच्यांनाही ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. अलीकडे तर एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो जणांना संदेश जातो. पण दुकानातील हमाल, घरी झाडू-फरशी करणारी बाई, मोटार चालवणारा माणूस, ज्यांच्या पगारातून आपण एका शब्दावर पैसे कापू शकतो, त्यांच्यापैकी किती जणांसमोर आपण हात जोडतो? त्या वर्षी मी पहिली क्षमापना पार्किंगमध्ये केली.

दारावरील ती बारीक रेघ कारागिराने पाचशे रुपयांत घालवून देतो म्हटले. मी नको म्हणालो. मोटारीचे दार उघडताना ती माझ्या नजरेस पडते, आणि पुढचा निवाडा करण्यापूर्वी मोजपट्टी आणावी, एवढे आठवते.